वरचा खण

नागभीड
१२ जून २०२३

प्रिय मुश्ताक,

पाकीट पाहून तू आधी म्हणशील, या म्हाताऱ्याला पोस्टाचं तिकीट सापडलं कुठून? पण तुला फोन करण्यात अर्थ नाही. लाकूड कापायच्या आरामशीनने तुझे कान केव्हाच खाल्ले. फोनवर मी काहीही बोललो तरी तू "हो हो" म्हणतोस. मागे एकदा मुद्दाम दोन शिव्या घातल्या, त्यालाही "हो हो" म्हणालास. तेव्हा कागदच बरा.

कारण असं, की ललिताने मला चंद्रपूरच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने मेंदूचा फोटो काढला आणि म्हणाला, हळूहळू सगळं विसराल. मला हसूच आलं. सगळी नोकरी अहेरीच्या सरकारी ऑफिसात रेकॉर्ड कीपर म्हणून काढली. साहेब आले, गेले, पण कोणता कागद कुठे आहे ते मी झोपेतून उठवलं तरी सांगायचो. आणि आता चष्मा घरभर शोधतो, तर तो नाकावर असतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बाकी कशाची भीती नाही. शेत विसरलो, पेन्शन विसरलो, तुझं थोबाड विसरलो तरी चालेल. पण निकेशला विसरलो तर? आमचा लेक आठवीत असताना मेंदूच्या मलेरियाने गेला, तेव्हा तू होतास. तिरडीचे बांबू तूच कापलेस. आज मनातल्या मनात त्याची रोज आठवण काढणारी आम्ही दोघंच उरलो आहोत. ललिताला एकटीला त्या दुःखात टाकून मी पुढे निघून गेलो, तर तो दगाच झाला ना?

म्हणून एक काम सांगतो. तुझ्या आजोबांनी आमच्या ऑफिसला केलं होतं तसं चार खणांचं सागवानी कपाट मला करून दे. लोखंडाचं नको. माझे हात तीस वर्षं त्या लाकडी खणांवर फिरले आहेत. डोकं विसरेल, हात विसरणार नाहीत असं वाटतं.

तुझा,
गुणवंत


अहेरी
२७ जून २०२३

गुणवंतभाऊंना मुश्ताकचा सलाम.

पत्र वाचलं आणि रंधा खाली ठेवला. दिवसभर काम सुचलं नाही. मग म्हटलं, भाऊंनी काम सांगितलं आहे, रडायला बोलावलेलं नाही.

कपाट करतो. माळ्यावर सागाच्या फळ्या आहेत, दोन पावसाळे खाऊन वाळलेल्या. ओल्या फळीचा खण श्रावणात फुगतो आणि उघडत नाही, मग दिवाळीपर्यंत वाट पाहा.

तुम्ही जेवणाच्या सुट्टीत आमच्या कारखान्यात बसून कपाटांचा इतिहास सांगायचे, तो मला अजून पाठ आहे. आधी कागद तारेला टोचायचे, किराणा दुकानात बिलं टोचतात तसे. मग घड्या करून कबुतरखान्यासारख्या कप्प्यांत कोंबायचे. मग लाल खारव्याच्या जाड कापडात कागदांचे बस्ते बांधून फळीवर रचायचे आणि खालचा कागद हवा असला की वरचा सगळा डोंगर उतरवायचा. शेवटी तिकडे अमेरिकेत कोणाला तरी सुचलं, की ग्रंथालयात कार्डं उभी ठेवतात तसे कागदही खणात उभे ठेवता येतील. तसं एक कपाट कोण्या गोऱ्या साहेबासोबत अहेरीला आलं आणि ते बघून आमच्या आजोबांनी दुसरं केलं. तुम्ही म्हणायचे, "मुश्ताक, आडवा कागद झोपलेला असते, उभा कागद हाक मारली का येते."

आजोबांची फजिती मात्र तुम्ही दर वेळी गाळायचे, ती मी सांगतो. पहिल्याच दिवशी ऑफिसातल्या बाबूने चारही खण एकदम ओढले आणि अख्खं कपाट त्याच्या अंगावर आलं. मग आजोबांनी प्राणहिता नदीतला एक जाड दगड आणून तळाशी बसवला. तुमच्याही कपाटाला बसवतो. तुम्ही सगळं एकदम ओढणारा माणूस.

खणांवर नावाच्या चिठ्ठ्यांसाठी पितळी चौकटी लावतो. चिठ्ठ्यांवर काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमचा,
मुश्ताक


नागभीड
१८ सप्टेंबर २०२३

प्रिय मुश्ताक,

कपाट पोचलं. तुझा लेक अजीम धानाच्या ट्रकमधून ते घेऊन आला, उतरवताना सगळी गल्ली जमली. शेजारचा पत्रू विचारतो, "भाऊ, यात कपडे ठेवता का देव?" मी म्हटलं, "ऑफिस ठेवतो."

खण बोटाने ओढला तरी येतो. आत हात घातला आणि अहेरीचा वास आला. मिस्त्री, जिंकलंस.

मांडणी आपल्या ऑफिसच्या जुन्या पद्धतीने केली. सगळ्यात वर अ. तो कायमचा, त्यातलं काही साहेबालाही फाडता येत नाही. त्यात निकेश. त्याचं शाळेचं स्वेटर, गुलेल, गुणपत्रकं, त्याने काढलेली एसटीची चित्रं आणि होते तेवढे सगळे फोटो. त्याखाली ब, घराची आणि शेताची कागदपत्रं. मग क, डॉक्टरांची चिठ्ठी-चपाटी. तळाशी ड. जुनी वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, विजेची बिलं, म्हणजे वर्षभरात ज्याचा जीव संपतो असं सगळं. मार्चअखेर ड खणाची निंदणी करायची, शेतातलं तण काढतो तशी, आणि पंचासमोर जाळून टाकायचं. ललिता हसते. म्हणते, "घरातबी पंच लागते का तुमाले?" नियम म्हणजे नियम.

रोज सकाळी अ खण उघडतो. स्वेटर हातात घेतलं की तो सगळा येतो. तुझ्या कारखान्यातला भुसा केसात घेऊन यायचा आणि ललिता दारातच त्याचं डोकं झाडायची. रडू येतं, पण बरं वाटतं. आठवतं आहे म्हणून बरं वाटतं.

तुझ्या आजोबांना माझा नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, नातवाने हात राखला. या वयात त्यांनी आरामशीनजवळ फार उभं राहू नये.

तुझा,
गुणवंत


अहेरी
३० सप्टेंबर २०२३

गुणवंतभाऊ,

आजोबांना नमस्कार सांगितला. खूश झाले. कपाटाला ओल्या फडक्याने पुसू नका, कोरडंच फडकं मारा. आणि जेवत जा.

मुश्ताक

(याच पाकिटात दुसरी घडी)

ललिता वहिनी, ही चिठ्ठी भाऊंना दाखवू नका. आजोबांना जाऊन चाळीस वर्षं होत आली. त्यांच्या मातीला भाऊ स्वतः आले होते. मी खोटं लिहिलं, कारण खरं लिहायला हात उठला नाही. इतकं पुढे गेलं आहे का? फोन फरहतकडे असतो, माझ्या सुनेकडे. पण तुम्ही तिला सांगणार आणि ती मला लिहून दाखवणार, त्यात अर्धं गळतं. तुम्हीच दोन ओळी लिहा.


नागभीड
१४ जानेवारी २०२४

मुश्ताकभाऊंना ललिताचा नमस्कार.

तुमच्या चिठ्ठीला उत्तर द्यायला उशीर झाला. मळणीचे दिवस, धानाचं चुरणं होतं, आणि खरं सांगायचं तर लिहायला बसलं की काय लिहायचं ते समजत नव्हतं.

इतकं पुढे गेलं आहे का, विचारलंत. गेलं आहे. दिवाळीपर्यंत ते रोज सकाळी वरचा खण उघडायचे, स्वेटर घेऊन बसायचे. मीही जवळ बसायची. लोकांना विचित्र वाटेल, पण ते आमचे चांगले दिवस होते. निकेश गेल्यावर इतकी वर्षं आम्ही त्याचं नाव एकमेकांसमोर काढलं नव्हतं. तुमच्या कपाटाने ते काढायला लावलं.

दिवाळीनंतर बिघडलं. एक दिवस स्वेटर हातात घेऊन मला म्हणाले, "हे कोणाचं व?"

मी म्हटलं, "निकेशचं."

"कुठी गेला तो? शाळेत?"

मी काय सांगू? खरं सांगितलं. भाऊ, ते असे ओरडले की पत्रू धावत आला. जसं काही आत्ताच कोणी येऊन निरोप दिला. दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळं विसरले, सवयीने खण उघडला आणि पुन्हा विचारलं, "हे कोणाचं व?" पुन्हा तेच. मग रोज तेच. रोज सकाळी चहाच्या आधी मी माझ्या लेकाला मारत होते आणि त्याचा बाप रोज पहिल्यांदा ऐकत होता. एकदा म्हटलं, हो, शाळेत गेला. तर संध्याकाळी फाटकाशी उभे राहिले, अंधार पडला तरी आत येईनात. ते त्याहून वाईट.

शेवटी मी संक्रांतीच्या साफसफाईत ते आंघोळीला गेले असताना निकेशचं सगळं वरून काढलं. माझ्या जुन्या लुगड्यात बांधलं आणि सगळ्यात खालच्या खणात वर्तमानपत्रांच्या मागे ठेवलं. वर त्यांच्या नोकरीचे जुने कागद ठेवले. आता ते सकाळी वरचा खण उघडतात, बदलीचे आदेश वाचतात आणि शांत राहतात. त्यांना वाकवत नाही फारसं, खाली जाणार नाहीत.

त्यांनी तुमच्याकडून ते कपाट निकेश आठवावा म्हणूनच करून घेतलं होतं ना? आणि मीच त्याला त्यांच्यापासून लपवला. मी चुकले का, ते मोकळेपणी लिहा. माझी माणसं आता मोजकीच आहेत, तुम्ही खोटं लिहू नका.

तुमची,
ललिता


अहेरी
२५ जानेवारी २०२४

ललिता वहिनींना सलाम.

अजिबात चुकल्या नाहीत. मी बाप आहे. माझा अजीम नुसता जवळ आष्टीला गेला आणि उशीर झाला तरी माझा जीव खालीवर होतो. ती बातमी माणसाने रोज ऐकायची? कोणताच देव एवढी सजा देत नाही. तुम्ही ती थांबवली.

आणि जागाही बरोबर निवडली. वरचे खण हलके आहेत, रोजच्या वापराचे. खालच्या खणाला मी दुहेरी तळ घातला आहे, त्याखाली प्राणहितेचा दगड आहे. वाळवी लागणार नाही, उंदीर शिरणार नाही, घरात पुराचं पाणी आलं तरी कपाट जागचं हलणार नाही. निकेश तिथे सुखरूप आहे. मी माझ्या हाताने केलेला खण आहे तो, माझ्या भरवशावर राहू द्या.

भाऊ विसरले तर विसरू द्या. तुम्हाला आठवतो, मला आठवतो. उन्हाळ्यात येतो तेव्हा आपण दोघं बसून तो खण उघडू.

तुमचा,
मुश्ताक


नागभीड
३१ मार्च २०२४

प्रति,
मिस्त्री साहेब, अहेरी.

विषय: वार्षिक निंदणी पूर्ण झाल्याबाबत.

महोदय,

आपण पुरवलेले कपाट उत्तम काम देत आहे. मार्चअखेर असल्यामुळे आज 'ड' खणाची नियमाप्रमाणे निंदणी केली. जुनी वर्तमानपत्रे व पत्रिका निघाल्या. मागच्या बाजूस लुगड्यात बांधलेला एक बस्ता आढळला. त्यात लहान मापाचे एक स्वेटर, एक गुलेल, काही चित्रे व एका मुलाचे फोटो होते. यापैकी कशाचीही नोंद माझ्याकडे नाही. मुलाची ओळख पटली नाही. चेहरा गोड होता. थोडा वेळ पाहत बसलो, पण ड खणात आहे त्याअर्थी मुदत संपलेली असणार.

बाई बाजाराला गेल्या होत्या, म्हणून श्री. पत्रू यांना पंच म्हणून बोलावले. ते म्हणाले, "भाऊ, बाईले विचारू ना." मी म्हटले, "रेकॉर्ड कीपर मी हाये का बाई?" अंगणात सर्व जाळले व राख झाडाच्या आळ्यात टाकली. एकही कागद अर्धवट राहू दिला नाही, याची खात्री असावी.

खूप दिवसांनी काम केल्यासारखे वाटले. मन हलके आहे.

आपला,
गुणवंतराव
रेकॉर्ड कीपर


अहेरी
८ एप्रिल २०२४

वहिनी,

भाऊंचं पत्र आलं. मी वाचलं. मग फरहतला वाचायला लावलं, माझे कान गेले तसे डोळेही गेले असतील अशी आशा होती. तिने वाचलं आणि तोंडावर ओढणी घेऊन आत निघून गेली. मग तिने तुम्हाला फोन लावला, तुम्ही उचलला नाही. मीही उचलला नसता.

ड खणाचं भाऊंनी मला सप्टेंबरात अक्षर अन् अक्षर लिहून कळवलं होतं. तुम्हालाही सांगितलं होतं. ते सगळं विसरत चालले होते आणि तेवढं विसरले नाहीत. आपण दोघं धडधाकट, आणि आपणच विसरलो. मी तर वर छाती ठोकून लिहिलं, तिथे सुखरूप आहे. मी खणाचा तळ पाहिला, वाळवी पाहिली, पूर पाहिला. सुताराला लाकडापलीकडे दिसत नाही.

त्या दिवसापासून मी घर पालथं घातलं. निकेशचा एखादा फोटो, एखादी वस्तू सापडेल म्हणून. अजीमच्या लग्नाआधीच्या सगळ्या पेट्या उघडल्या. काही नाही वहिनी. रोज शाळा सुटली की पोरगं माझ्याकडे यायचं, भुशात लोळायचं, माझ्या ताटात जेवायचं, आणि त्याचं काही जपून ठेवावं असं मला कधी सुचलं नाही. तो उद्या येणारच होता ना.

तुम्ही म्हणाल तर येतो. ते कपाट माझ्या हाताने फोडून चुलीत घालतो.

मुश्ताक


नागभीड
२ मे २०२४

मुश्ताकभाऊ,

कपाट फोडू नका. त्यांना दिवसभर तेवढाच उद्योग आहे. खण उघडतात, कागद उभे करतात, लावतात. त्यांचे हात चांगले चालतात अजून.

मी बाजारातून आले तेव्हा आळ्यात राख होती आणि पत्रू कोपऱ्यात उभा होता, मान खाली घालून. त्याच्यावर मी रागावले नाही. तुमच्यावरही नाही. यांच्यावर रागवावं तर ते मला पाहून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या बाई, बसा. पाणी पेता का?" अशा माणसावर कसं रागवायचं? राहता राहिले मी. माझ्यावर रागावते रोज, पुरेपूर.

फोटो एकही उरला नाही. आता डोळे मिटून आठवावं लागतं. नाक येतं, कान येतात, सगळं एकदम येत नाही. मला भीती वाटते भाऊ. यांना डॉक्टरने तरी सांगितलं होतं. मला कोणी सांगितलेलं नाही, पण माझंही वय झालं आहे.

आणि एकटं वाटतं ते वेगळंच. तो गेला त्या दिवशी आम्ही दोघं होतो. आता फक्त मीच त्याची आई आहे, त्याला बाप नाही.

काल दुपारी मागच्या पडवीत बसले होते आणि मला आवरलं नाही. त्यांनी आतून ऐकलं. हळूहळू आले, भिंतीला धरत, आणि माझ्यापासून थोडं अंतर ठेवून बसले, परक्या बाईजवळ बसावं तसे.

म्हणाले, "काऊन रडून राह्यल्या बाई? कोणी गेलं का तुमचं?"

मी म्हटलं, "पोरगं गेलं."

"लहान होतं का?"

"आठवीत होता."

त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. खरंच आलं भाऊ, मी पाहिलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि परकी बाई म्हणून हात मागे घेतला. विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

"निकेश."

"लय चांगलं नाव हाये," ते म्हणाले. "मले पोरगा झाला त हेच नाव ठेवतो. चालन का तुमाले?"

मी म्हटलं, "ठेवा."

ललिता